दुग्धनलिकेतील गर्दी, केंद्रकावरील दाब आणि स्तनाच्या कर्करोगाचे पहिले आक्रमण

पेशीवेध

स्तनाच्या कर्करोगाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा लक्षणे, तपासणी आणि उपचार यांच्याभोवती फिरते, आणि कारणांकडे वळलेच तर बीआरसीएसारख्या जनुकांपाशी थांबते. नलिकेच्या आत कित्येक वर्षे मुक्कामाला असलेल्या विकृत पेशी नेमक्या कशामुळे भिंत ओलांडून बाहेर पडतात, या प्रश्नाला त्यात क्वचितच जागा मिळते. रुग्णाच्या दृष्टीने सगळे भवितव्य या एका ओलांडण्यावर अवलंबून असते. म्हणून या धाग्यात फक्त तेवढ्याच टप्प्याविषयी लिहावे, असे ठरवले आहे.

आधी रचना सांगतो. दुधाच्या नलिकेच्या पोकळीला लागून पेशींचा एक थर असतो. त्याच्या बाहेर स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा थर असतो आणि त्याही बाहेर लॅमिनिन व चौथ्या प्रकारचे कोलॅजेन या प्रथिनांनी विणलेले पातळ आधारपटल असते. विकृत पेशी वाढून पोकळी भरू लागल्या, पण आधारपटल शाबूत असले, तर त्या अवस्थेला डॉक्टर डीसीआयएस म्हणतात. आधारपटल फोडून त्याच पेशी भोवतालच्या ऊतीत शिरल्या की तोच आजार आक्रमक कर्करोग ठरतो.

या ओलांडण्यामागे एखादे नवे उत्परिवर्तन असावे, अशी अपेक्षा साहजिकच होती. परंतु २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन संस्थेतील निकोलस नॅव्हिन यांच्या गटाने एकेका पेशीचे जनुकीय वाचन करून दाखवले की नलिकेतील पेशी आणि तिच्याबाहेर पडलेल्या पेशी यांच्यातील बहुतेक जनुकीय बदल समान असतात. म्हणजे ते बदल नलिकेच्या आतच, आक्रमणापूर्वी घडून गेलेले असतात. मग बाहेर पडण्याच्या क्षणी नवीन काय घडते?

याचे मला सर्वांत पटलेले उत्तर पॅरिसच्या क्यूरी संस्थेतून २०२१ मध्ये आले. माथ्यू पिएल यांच्या प्रयोगशाळेत गिलेर्मे नाडर आणि सहकाऱ्यांनी केलेले हे काम आहे. नलिकेची पोकळी भरत गेली की पेशी एकमेकींवर रेटल्या जातात आणि त्यांची केंद्रके चेपली जातात. केंद्रक हा पेशीतील सर्वांत मोठा आणि सर्वांत ताठर भाग असल्यामुळे दाबाचा बराचसा भार त्याच्यावरच पडतो, आणि एका मर्यादेपुढे त्याचे आवरण फाटते. हे आवरण फाटते आणि पेशी ते पुन्हा सांधतेही, ही गोष्ट २०१६ मध्ये पिएल यांचा गट आणि कॉर्नेल विद्यापीठातील यान लामरडिंग यांचा गट या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवली होती. २०२१ च्या कामात पुढचा दुवा सापडला. आवरण फाटलेले असताना ट्रेक्स-१ नावाचे विकर (एन्झाइम) केंद्रकात शिरते आणि डीएनए कुरतडते. एरवी हे विकर पेशीद्रवात भरकटलेल्या डीएनएची विल्हेवाट लावते, म्हणजे पेशीच्या दृष्टीने उपयुक्तच असते. ते फक्त केंद्रकाच्या आत पोहोचता कामा नये.

यापुढची वाट पेशीनुसार बदलते. निरोगी स्तनपेशींमध्ये अशी इजा झाली की त्या विभाजन थांबवून वार्धक्याकडे झुकतात. कर्कपेशी मात्र शेजारणींशी असलेले बंध सैल करतात, कोलॅजेन पचवण्याची क्षमता वाढवतात आणि आक्रमक होतात. मानवी कर्कपेशी उंदरांच्या दुग्धनलिकांमध्ये सोडून केलेल्या प्रयोगांत दाटीच्या भागातील चेपलेल्या केंद्रकांमध्ये डीएनएची इजा दिसली, आणि ट्रेक्स-१ काढून टाकलेल्या पेशींचे आक्रमण कमी झाले. रुग्णांच्या नमुन्यांतही आक्रमणाच्या जागी अशा इजेच्या खुणा आढळल्या.

माझ्या मते याचा अर्थ मोठा आहे. आक्रमण हा केवळ जनुकांनी आधीच लिहून ठेवलेला कार्यक्रम नाही. गाठीची स्वतःची वाढ जी दाटी निर्माण करते, ती दाटीच पेशींना बाहेर पडण्याची क्षमता देऊ शकते. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

नीलाक्षी

मी विकृतिशास्त्रात काम करते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली या गोष्टी कशा दिसतात ते सांगते. डीसीआयएसच्या काही नलिकांमध्ये पेशी इतक्या दाटलेल्या असतात की शेजारच्या केंद्रकांचे आकार एकमेकांत बसवल्यासारखे दिसतात. त्यामुळे पेशीवेध यांनी मांडलेले चित्र मला अपरिचित वाटले नाही. परंतु दोन आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप पद्धतीचा आहे. आमच्या काचपट्टीवरची ऊती फॉर्मलिनमध्ये ठेवलेली, निर्जल केलेली आणि मेणात बसवलेली असते. या सर्व प्रक्रियेत ती आकसते आणि केंद्रकांचे आकार बदलतात. शिवाय काप काही मायक्रॉन जाडीचा असल्यामुळे केंद्रक चेपलेले आहे की केवळ तिरके कापले गेले आहे, हे एका कापावरून ठामपणे सांगता येत नाही. ‘चेपलेले केंद्रक’ हा निष्कर्ष रुग्णांच्या नमुन्यांवरून काढताना ही सावधगिरी पाळायलाच हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मायोएपिथेलियल थर म्हणजे आक्रमण रोखणारी भिंत, असे आम्ही शिकलो. निदान करतानासुद्धा पी६३ सारख्या प्रथिनाच्या रंजनाने, म्हणजे ते रंगवून, हा थर दिसतो का हे आम्ही पाहतो, आणि तो नसेल तर आक्रमणाचा संशय घेतो. जॉन्स हॉपकिन्समधील अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांच्या ऊतीपासून बनवलेल्या त्रिमित नमुन्यांत पाहिले की हा थर केवळ जागेवर उभा राहत नाही. बाहेर निसटू पाहणाऱ्या पेशींचा पाठलाग करून तो त्यांना परत आत घेतो, आणि त्याची आकुंचनशक्ती कमी केली की निसटणे वाढते. इथपर्यंत सारे सुसंगत आहे. परंतु २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल अँजेलो यांच्या गटाने डीसीआयएसच्या जुन्या नमुन्यांत अनेक प्रथिने एकाच वेळी तपासली, तेव्हा नेमके उलट दिसले. ज्या स्त्रियांना पुढे आक्रमक कर्करोग झाला नाही, त्यांच्या नमुन्यांत हा थर अधिक विरळ आणि तुटक होता.

थर जर भिंत असेल, तर भिंत तुटलेल्या स्त्रिया सुरक्षित का राहिल्या?

पेशीवेध

नीलाक्षीताई, दोन्ही आक्षेप योग्य आहेत. पहिल्याबाबत एवढेच म्हणतो की याच कारणाने पॅरिसच्या गटाने केवळ आकारावर विसंबून न राहता आवरण फुटल्याच्या आणि डीएनए तुटल्याच्या रेणवीय खुणाही शोधल्या, आणि मूळ कार्यकारणभाव जिवंत पेशींना ठरावीक उंचीच्या फटीत दाबून तपासला.

दुसऱ्या प्रश्नाचे स्टॅनफर्डच्या गटाने सुचवलेले स्पष्टीकरण असे आहे की थर तुटला की आतील पेशींचा भोवतालच्या ऊतीशी आणि रोगप्रतिकारक पेशींशी संबंध येतो आणि त्यातून शरीराला संरक्षण मिळत असावे. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते, आणि ती माझी स्वतःची अटकळ आहे हे स्पष्ट करतो. घट्ट, अखंड थर आतील दाटी टिकवून धरतो आणि विरळ थर दाब मोकळा होऊ देतो. तसे असेल तर अखंड भिंत पेशींना अडवत असतानाच त्यांच्या केंद्रकांवरील ताणही वाढवत असेल. ही अटकळ त्याच नमुन्यांवर तपासता येण्यासारखी आहे.

यंत्रवेध

मी अभियंता आहे, जीवशास्त्राचा अभ्यासक नाही. चर्चेत ‘दाब’, ‘ताण’ आणि ‘ताठरता’ हे शब्द जवळजवळ समानार्थी वापरले जात आहेत, पण त्या वेगळ्या राशी आहेत. ताठरता हा पदार्थाचा गुणधर्म आहे. दाब ही त्याच्यावर आलेली स्थिती आहे. गाठ हाताला टणक लागते ती यांपैकी कशामुळे? गाठीतील पेशी ताठर असतात की त्यांच्याभोवतीचे द्रव्य? शिवाय वाढणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर बाहेरून दाब आला तर वाढ थांबायला हवी. मग तोच दाब आजाराला पुढे कसा ढकलतो?

पेशीवेध

आपण केलेला भेद या विषयाचा गाभाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताठरतेपासून सुरुवात करतो. व्हॅलरी वीव्हर यांच्या तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असलेल्या गटाने २००५ मध्ये उंदरांवर केलेल्या मोजमापांत निरोगी स्तनऊतीची ताठरता दोनशे पास्कलच्या आतबाहेर, तर गाठीची सुमारे ४००० पास्कल आढळली. अधिक महत्त्वाचे म्हणजे त्यांनी निरोगी स्तनपेशी ताठर जेलवर वाढवल्या, तेव्हा त्या पेशींनी जनुकांत काहीही बदल न होता सुबक, पोकळ गोलाकार रचना करणे सोडून दिले आणि त्या अस्ताव्यस्त वाढू लागल्या. भोवतालचे द्रव्य किती ताठर आहे हे पेशी इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी पकड घेऊन, ओढून पाहून ओळखतात. द्रव्य जितके ताठर तितकी पेशीची स्वतःची ओढही वाढते, आणि त्याबरोबर विभाजनाचे आतले संदेशही. पुढे २००९ मध्ये त्याच गटाने दाखवले की लायसिल ऑक्सिडेज हे विकर कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडबंध घालून ही ताठरता वाढवते, आणि ते विकर रोखले की उंदरांतील गाठींची वाटचाल मंदावते.

आता आपल्या नेमक्या प्रश्नाकडे येतो. टणकपणा मुख्यतः भोवतालच्या द्रव्याचा असतो. कर्कपेशी स्वतः उलट मऊ असतात. बाझेल विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये रुग्णांच्या बायोप्सी नमुन्यांवर अतिसूक्ष्म टोकाने जागोजागी दाबून पाहिले. निरोगी ऊतीत ताठरता बरीचशी एकसारखी होती, तर कर्करोगाच्या नमुन्यांत ती विस्तृत पसरलेली होती आणि त्यातला मऊ भाग कर्कपेशींचा होता. एमआयटीतील मिंग ग्वो यांच्या गटाने २०२० मध्ये त्रिमित नमुन्यांत याचा पुढचा तपशील दिला. गोळ्याच्या गाभ्यातील पेशींच्या तुलनेत कडेच्या पेशी आकाराने मोठ्या, मऊ आणि अधिक चंचल असतात, कारण पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गिकांतून द्रव वाहत राहतो. हा प्रवाह रोखला की आक्रमणाची सुरुवात लांबणीवर पडते. पेशी मऊ असणे का उपयोगी पडते, हे केंद्रकावरून समजते. आधारद्रव्य पचवण्याची क्षमता औषधाने बंद केली, तर छिद्राचे क्षेत्रफळ केंद्रकाच्या काटछेदाच्या दहाव्या भागापर्यंत उतरले की पेशी अडकते. म्हणजे पेशीला एकतर वाट पोखरावी लागते किंवा केंद्रक मऊ करावे लागते. मुंबईच्या आयआयटीत शमिक सेन यांचा गट याच दुसऱ्या मार्गावर, म्हणजे केंद्रकाच्या मऊ होण्यावर काम करतो.

दाबाविषयीचे आपले अनुमान प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. बोस्टनमधील राकेश जैन यांच्या गटाने १९९७ मध्ये कर्कपेशींचे गोळे जेलमध्ये वाढवले आणि साधारण ४५ ते १२० मिलिमीटर पारा इतक्या दाबाला त्यांची वाढ थांबते असे दाखवले. पण वाढ थांबणे आणि स्थलांतर थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच बोस्टनच्या केंद्रातून २०१२ मध्ये आलेल्या कामात याहून बरेच कमी दाब दिलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींतून काही पेशी पुढारी बनल्या आणि बाकीच्यांना मागे घेऊन एकदिश सरकू लागल्या. वाढायला जागा नसलेली पेशी जागा शोधू लागते, असे मी याचे आकलन करतो.

याला लागून असलेला एक विचार आपल्याला अभियंता म्हणून विशेष रुचेल. दाटलेल्या पेशी कणगीच्या तोंडाशी अडलेल्या दाण्यांप्रमाणे एकमेकींना जखडून ठेवतात. प्रत्येक दाणा सुटा असूनही समूह घनासारखा वागतो. मिलानच्या आयफॉम संस्थेतील जॉर्जिओ शिता यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की रॅब५ए या एकाच प्रथिनाचे प्रमाण वाढवले तर जखडलेला समूह सुटतो आणि द्रवासारखा वाहू लागतो. डीसीआयएसच्या नमुन्यांतही हे घडते. त्यांच्या २०२३ च्या कामात असेही दिसले की या वाहण्यातही केंद्रकांवर ताण येतो आणि डीएनए पेशीद्रवात गळून धोक्याचे संदेश सुरू होतात. जखडलेले असताना आणि सुटताना, दोन्ही वेळा भार केंद्रकावरच येतो, ही मला या सर्व शोधांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते.

सह्यकडा

एक पूरक मुद्दा. दाबाबरोबर दिशाही पाहायला हवी. विस्कॉन्सिन विद्यापीठातील पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने २००६ मध्ये कोलॅजेनच्या तंतूंच्या रचनेचे तीन प्रकार नोंदवले. गाठीच्या कडेला समांतर असलेले तंतू तिला वेढून राहतात. तेच तंतू कडेला काटकोनात वळले की पेशींना त्यांच्यावरून बाहेर सरकता येते. काटकोनातील रचना आढळलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. तंतू वळवण्याचे काम पेशींच्या ओढीनेच होते, म्हणजे ही वाटसुद्धा बलानेच तयार होते.

मनस्विनी

ही चर्चा मी काळजीपूर्वक वाचली आणि वाचताना भीतीही वाटली. माझ्या मावशीला नुकतेच डीसीआयएसचे निदान झाले आहे. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो. दाबामुळे पेशी आक्रमक होत असतील, तर तपासणीनेच आजार पसरत नाही ना? घरातील ज्येष्ठ मंडळी बायोप्सीच्या सुईबद्दलही ‘गाठ छेडू नये’ असे म्हणत आहेत, आणि घट्ट अंतर्वस्त्रांविषयीही कोणी तरी मावशीला दोष दिला आहे.

नीलाक्षी

मनस्विनी, हा प्रश्न तू विचारलास हे फार चांगले झाले, कारण ही चर्चा वाचून आणखी कुणाच्या तरी मनात तो येईल आणि ती गप्प राहील.

या धाग्यात ज्या दाबाविषयी बोलणे चालले आहे तो नलिकेच्या आत, पेशींच्या स्वतःच्या वाढीमुळे निर्माण होतो आणि तिथून सुटकेला जागा नसल्यामुळे दीर्घकाळ टिकतो. मॅमोग्राफीचा दाब काही सेकंदांचा असतो आणि तो संपूर्ण स्तनावर विभागला जातो. त्या दाबाने कर्करोग पसरतो असा पुरावा नाही. बायोप्सीवाचून निदानच होत नाही आणि निदानाशिवाय उपचार ठरत नाहीत, त्यामुळे सुईच्या भीतीने ती टाळणे हाच खरा धोका आहे. अंतर्वस्त्रांचा प्रश्न सिअ‍ॅटलमध्ये अभ्यासला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती किती तास वापरली, कोणत्या वयापासून वापरली, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. मावशीला दोष देणाऱ्यांना हे अवश्य सांग.

उलट, गाठ भोवतालच्या ऊतीपेक्षा ताठर असते म्हणूनच ती हाताला सापडते, आणि याच गुणधर्माचा उपयोग मुंबईत झाला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका त्यांतील निम्म्या गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात आजार सुरुवातीच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरले तर घट त्याहून कमी होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, हेही सांगायला हवे. डीसीआयएस मात्र बहुतेक वेळा हाताला लागत नाही. ते मॅमोग्राफीवर दिसते. मावशींचे निदान आक्रमणापूर्वी झाले आहे, ही जमेची बाजू आहे.

मनस्विनी

मनापासून आभार, ताई. आज मावशीशी बोलते. एक अजून विचारते: डीसीआयएस प्रत्येकीत पुढे जात नसेल, तर शस्त्रक्रिया प्रत्येकीला आवश्यक आहे का?

नीलाक्षी

हा निर्णय मावशींच्या शल्यविशारदांशी बोलूनच व्हायला हवा, कारण तो आजाराच्या श्रेणीवर आणि पेशींवरील हार्मोन ग्राहकांवर (रिसेप्टरवर) अवलंबून असतो. सर्वसाधारण माहिती म्हणून सांगते. अमेरिकेत कॉमेट नावाच्या चाचणीत कमी जोखमीचे डीसीआयएस असलेल्या साडेनऊशेंहून अधिक स्त्रियांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या आणि काहींना नियमित देखरेखीच्या गटात ठेवले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत त्याच स्तनात आक्रमक कर्करोग आढळण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के आणि देखरेखीच्या गटात ४.२ टक्के होते. मात्र दोन वर्षांचा काळ या आजारासाठी फार थोडा आहे, देखरेखीच्या गटातील अनेकींनी हार्मोनविरोधी गोळ्या घेतल्या होत्या आणि उच्च श्रेणीचा आजार असलेल्या स्त्रिया या चाचणीत नव्हत्या. त्यामुळे या आकड्यांवरून घरी निर्णय घेऊ नये.

यंत्रवेध

यंत्रणा इतकी स्पष्ट असेल, तर ती रोखणारी औषधे का नाहीत? ट्रेक्स-१ किंवा कोलॅजेनचे आडबंध घालणारे विकर बंद करणे पुरेसे नाही का?

पेशीवेध

प्रयत्न झाले आहेत. लायसिल ऑक्सिडेजच्या कुटुंबातील एका विकराविरुद्धचे सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात तपासले गेले आणि त्याचा लाभ दिसला नाही. मला याचे फार आश्चर्य वाटत नाही. पसरलेल्या आजारात आडबंध पूर्वीच घातले गेलेले असतात, आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर गवंड्याला थांबवून भिंत सैल होत नाही. ट्रेक्स-१ ची अडचण निराळी आहे. ज्या बालकांत हे विकर जन्मतःच निकामी असते त्यांना एकार्डी-गुतिएर नावाचा मेंदूचा गंभीर दाहविकार होतो, कारण भरकटलेला डीएनए साफ होत नाही आणि शरीर त्याला विषाणू समजून प्रतिकार करते. पुढारलेल्या कर्करोगात हाच प्रतिकार उपयोगी पडू शकेल. परंतु डीसीआयएस असलेली स्त्री बहुधा निरोगी जीवन जगत असते; तिला वर्षानुवर्षे असे औषध देणे मला समर्थनीय वाटत नाही.

म्हणून मला वाटते की या संशोधनाचा पहिला लाभ औषधाचा नसून निवडीचा असेल. कोणत्या स्त्रीचा आजार नलिकेतच राहील आणि कोणाचा बाहेर पडेल, हे आज सांगता येत नाही, आणि त्यामुळे अनेकींवर कदाचित अनावश्यक शस्त्रक्रिया होते. नीलाक्षीताई, नलिकेतील दाटी, केंद्रकांची विकृती आणि डीएनएची इजा यांचे मोजमाप जुन्या नमुन्यांवर करणे आपल्याकडे शक्य आहे का?

नीलाक्षी

मेणातील ठोकळे मोठ्या रुग्णालयांत जपून ठेवले जातात आणि डीएनएच्या इजेचे रंजन त्यांच्यावर करता येते. आकसण्याची अडचण टाळण्यासाठी त्याच कापातील निरोगी नलिकांची केंद्रके तुलनेला घ्यावी लागतील आणि सलग काप घेऊन केंद्रकाचा त्रिमित आकार काढावा लागेल. खरी उणीव ठोकळ्यांची नाही, पाठपुराव्याची आहे. निदानानंतर पंधरा-वीस वर्षे त्या स्त्रीचे काय झाले, याची नोंद नसेल तर मोजमापाचा अर्थ लावता येत नाही, आणि आपल्याकडे डीसीआयएसच्या अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांची संख्याही कमी आहे. आमच्या विभागातील जुन्या नोंदींपैकी कितींचा पाठपुरावा पूर्ण आहे ते पाहून मी याच धाग्यावर कळवते.